सापाचं मॉडेल रबरी का दिसतं?

"कॉम्प्युटरवरचं 3D मॉडेल नीट जमलंय, त्यावर चढवायचं चित्र, म्हणजे टेक्स्चरही मोठं घेतलंय, तरी साप रबरी दिसतो. काय चुकतंय?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: गडबड बहुधा रिझोल्यूशनची नसते, खवल्यांच्या हिशोबाची असते.

एक नळी घ्यायची आणि खवल्यांचं तेच ते टेक्स्चर मानेपासून शेपटीपर्यंत गुंडाळायचं, इथेच घोळ होतो. नळी निमुळती होते तसे तेवढेच खवले चिरडून अरुंद होतात. खऱ्या सापात खवल्यांच्या डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या ओळीच कमी होत जातात. दोन ओळी मिळून एक होते. धामणीच्या अंगाच्या मध्यावर 16 किंवा 17 ओळी असतात, मागे त्याहून कमी. साध्या मण्यारीला 15, आणि कण्यावरची ओळ मोठ्या षटकोनी खवल्यांची. घोणसला 27 ते 33, आणि पोटालगतची ओळ सोडली तर प्रत्येक खवल्यावर मधोमध उभी धार. म्हणून आधी जात ठरवा, मग सॉफ्टवेअर उघडा.

लांबीचा हिशोब पोटाकडून येतो. पोटावरचा एक रुंद खवला म्हणजे साधारण एक मणका, आणि पाठीवरच्या प्रत्येक ओळीत त्याच्या वाट्याला एक खवला. धामणीच्या पोटावर असे दोनशेच्या आसपास खवले असतात. शेपटीखाली ते जोडीने येतात. साध्या मण्यारीत मात्र तिथेही एकेकटेच. मोजणीसाठी कात उत्तम. पण लांबी कातीवरून घेऊ नका. खवल्यांमधली दुमडलेली कातडी उलगडल्यामुळे कात सापापेक्षा लांब भरते.

मॉडेल सरळ रेषेत करा, वेटोळी नंतर. दीड मीटर लांब, चार सेंटिमीटर जाड सापाचा घेर साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे यूव्ही पट्टी (टेक्स्चर बसवण्यासाठी सपाट उलगडलेली कातडी) 12 : 1. एका चौरसात ती कोंबली तर तपशील मेलाच. 4096 पिक्सेलच्या 12 यूडिम टाइल (ओळीने लावलेले टेक्स्चरचे चौरस) दिल्या तर दर मिलिमीटरला 33 पिक्सेल मिळतात, तेवढे पुरे. शिवण, म्हणजे उलगडताना जिथे कापतो ती रेघ, पोटाच्या मध्यावर नको, रुंद खवले दुभंगतात. पोट आणि कुशीच्या सीमेवर ठेवली की लपते. नॉर्मल मॅपमध्ये (उंचसखलपणाचा भास देणाऱ्या रंगीत चित्रात) खवले खोलगट दिसले तर त्याचा हिरवा चॅनेल, म्हणजे वर-खालचा कल सांगणारा रंग, उलटा आहे: ब्लेंडर हे 3D सॉफ्टवेअर ओपनजीएल पद्धत मानतं, अनरिअल हे गेम इंजिन डायरेक्टएक्स, आणि दोन्हींत हिरव्याची दिशा उलट असते.

फोटोग्रामेट्रीने, म्हणजे अनेक कोनांतल्या फोटोंवरून मॉडेल बनवून, का नाही? एका कॅमेऱ्याने जिवंत साप जमत नाही, दोन फोटोंच्या मध्ये तो हलतोच. अनेक कॅमेरे लावून सगळ्यांनी एकाच क्षणी फोटो घ्यावा लागतो. शिवाय प्रत्येक खवल्यावरची चमक कोनागणिक सरकते आणि जुळणी फसते. त्यावर उपाय म्हणजे फ्लॅशवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर तिला काटकोनात फिरवलेला फिल्टर. चमक जाते, उजेडही बराच जातो, म्हणून फ्लॅश दणकट हवा. रानातल्या सापाला फोटोसाठी हाताळू मात्र नका.

चमक परत शेडरमध्ये (पृष्ठभाग उजेडात कसा दिसेल ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) द्यायची, पण सगळीकडे सारखी नाही. रबरीपणाचं दुसरं मूळ हेच. गुळगुळीत खवल्यांना रफनेस (खरखरीतपणा: 0 म्हणजे आरसा, 1 म्हणजे मंद) 0.3 च्या आसपास, धारवाल्यांना 0.5 ते 0.6, मधल्या कातडीला त्याहून जास्त. त्या कातडीचा मास्क (तेवढाच भाग निवडणारं काळं-पांढरं चित्र) वेगळाच ठेवा: वळणाच्या बाहेरच्या बाजूला, किंवा नागाने फणा काढल्यावर, खवले एकमेकांपासून लांब जातात आणि ती उघडी पडते. ती दिसली नाही तर फणा फुग्यासारखा वाटतो.

डोळ्याला पापणी देऊ नका, सापाला ती नसते. वर पारदर्शक खवला असतो. बाहुली नाग-धामणीत गोल, घोणसमध्ये उभी.

मॉडेल हलवायला आत घालायची हाडं मणक्यांइतकी दोनशे नकोत, 60 ते 80 आणि स्प्लाइन आयके (हाडांची साखळी एका वक्ररेषेवर बसवायची सोय) पुरतात. एका सांध्यावर सगळा वाक देऊ नका, नळीला घडी पडते. तो शेजारच्या सांध्यांत वाटा. आणि नागमोडी चालीसाठी सबंध अंगावर साइन लाट फिरवलीत तर साप जमिनीवरून घसरतो. डोकं ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने शेपटीचं टोकही गेलं पाहिजे, म्हणून वाटेची वक्ररेषा जमिनीवर स्थिर ठेवा आणि शरीर तिच्यातून पुढे ओढा.