सही खरी, गोष्ट वेगळी

मी हस्ताक्षर आणि कागदपत्रं तपासायचं काम करते, फोर्टात छोटंसं ऑफिस आहे. रोज समोर येतं ते म्हणजे मृत्युपत्रं, चेक, भाडेकरार, भावाभावांच्या भांडणातल्या सह्या. त्यामुळे गिरगावातले एक काका आणि त्यांचा पुतण्या प्लास्टिकच्या फोल्डरमधून जेआरडी टाटांची सही असलेलं पाकीट घेऊन आले तेव्हा मी हातातलं काम तसंच बाजूला सारलं.

पाकीट 15 ऑक्टोबर 1932 च्या टपालातलं. म्हणजे ज्या दिवशी जेआरडी स्वतः पुस मॉथ विमान चालवत कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले, सोबत साधारण 25 किलो टपाल, आणि पुढे मद्रासपर्यंत नेव्हिल व्हिन्सेंटने नेलं, तो दिवस. आज एअर इंडिया म्हणतो त्याची सुरुवात हीच. जेआरडींकडे 1929 सालचं भारतातलं पहिल्या नंबरचं पायलट लायसन्स होतं, हे बहुतेकांना माहीत असतं, काकांना तर तारखेसकट पाठ होतं.

काका सांगायला लागले, "मॅडम, आमचे आजोबा पोस्टात होते, विमान उतरलं तेव्हा ते जुहूला हजर, तिथेच सही घेतली." मला गोष्ट आवडली पण एक शंका लगेच आली. टपालाची थैली बंद असते, ती पोस्टात जाऊन उघडणार, सॉर्टिंग होणार, मग शिक्का, मग पोस्टमन. विमानातून उतरलेली थैली धावपट्टीवरच फोडून त्यातलं एक पाकीट पायलटपुढे कोण धरेल? पण मी काही बोलले नाही, कारण घरच्या गोष्टी ऐंशी-नव्वद वर्षांत थोड्या इकडच्या तिकडे होतातच, आणि मला पैसे कागद बघायचे मिळतात.

पाकिटात काही खोट नव्हती. यूव्ही दिव्याखाली कागद मंद, मळकट दिसला. 1950 नंतरच्या बऱ्याच कागदात चमक आणणारं रसायन असतं, तो निळा-पांढरा चमकतो, हा चमकला नाही. तिकिटं 1929 च्या हवाई टपाल मालिकेतली, विमानाचं चित्र असलेली, नाशिकच्या प्रेसमध्ये छापलेली, आणि शिक्क्याची शाई तिकिटावरून पाकिटावर सलग गेलेली.

मग सही मायक्रोस्कोपखाली घेतली. फाउंटन पेनचं निब दाबलं की फाकतं, रेघेच्या दोन्ही कडा गडद होतात आणि शाई कागदाच्या तंतूत पसरते. इथे तसं काहीच नव्हतं. रेघेच्या मधोमध बारीक पांढरे ओरखडे, प्रत्येक वळण संपलं की शाईचा एक चिकट ठिपका, आणि तिरका उजेड टाकल्यावर कागदात नांगर फिरल्यासारखी खाच. बॉलपेन! बॉलपेन बाजारात आलं 1945 च्या आसपास. शिवाय पाकिटाला मधे एक जुनी घडी होती आणि 'टाटा' लिहिताना रेघ त्या घडीवरून उडी मारून गेलेली, म्हणजे घडी आधीची, सही नंतरची.

इथे बरेच जण 'बनावट' म्हणून मोकळे होतात. मला घाई पटत नाही. सही 1932 ची नाही एवढंच सिद्ध झालं, ती जेआरडींची नाही असं कुठे झालं? ते 1993 पर्यंत होते, आणि 15 ऑक्टोबर 1982 ला, वयाच्या 78 व्या वर्षी, लेपर्ड मॉथ घेऊन तेच कराची-मुंबई उड्डाण त्यांनी पुन्हा केलं होतं. तेव्हा जुनी पाकिटं कपाटातून बाहेर निघाली नसतील तर नवल.

म्हणून तुलनेसाठी दोन गठ्ठे लावले, तिशी-चाळीशीतली पत्रं वेगळी आणि ऐंशीच्या दशकातली वेगळी. तरुणपणच्या सह्यांशी ही जुळेना, उतारवयातल्यांशी मात्र पेन कुठे उचलतात, आद्याक्षरांवरून आडनावाकडे हात कसा सरकतो, शेवटची रेघ किती वेगात सुटते, सगळं जुळत गेलं. रेघ थोडी थरथरली होती. पण नक्कल करणारा हळू काढतो, त्याची थरथर सगळीकडे सारखी असते, मधेच थांबतो, पुन्हा गिरवतो. म्हाताऱ्या हाताची थरथर वेडीवाकडी असते पण वेग सोडत नाही, आणि इथे गिरवल्याची एकही खूण नव्हती.

रिपोर्टात लिहिलं, पाकीट 1932 चं, सही बहुधा जेआरडींचीच, पण बरीच नंतरची, बॉलपेनने केलेली. वाचून पुतण्याने विचारलं, "साल नाही लिहिलं तर चालेल का? लिलावात भाव पडेल." म्हटलं नाही चालणार, पुढचा घेणारा भिंग लावणारच आणि नाव माझं खराब होईल.

काका मात्र एकदम गप्प. मग हळूच म्हणाले, "ब्याऐंशीत दादा सांताक्रूझला एअरपोर्टवर नोकरीला होता." दादा म्हणजे त्यांचे मोठे भाऊ, या पुतण्याचे वडील. पुतण्याचा चेहरा असा काही उजळला की विचारू नका, "म्हणजे सही बाबांनी आणली! मग हे पाकीट आमचं."

"पाकीट आजोबांचं आहे, सही कोणी का आणेना," काका.

"काका, नुसत्या पाकिटाला कोण विचारतंय?"

अर्धा-अर्धा की सत्तर-तीस यावर माझ्याच टेबलावर जुंपली, मला साक्षीला ओढायला लागले. मी सांगितलं, सही कोणाची ते मी लिहून देते, वाटणी कोणाची ते वकील बघेल, जिना उतरलात की डावीकडे एक बसतात. फी तेवढी आत्ता जीपे करा, दोघांपैकी कोणीही.