अंभोऱ्याहून बोटीने पवनी गाठता येते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नागपुरात वैनगंगेचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच: अंभोऱ्याला खासगी बोट ठरवली, तर पाण्यावरून थेट पवनीला पोचता येईल का? नाही. नदी तिकडेच वाहते, पण मध्ये ३३ दरवाजांचं गोसेखुर्द धरण आहे आणि तिथे बोट वरून खाली उतरवायची सोय नाही. धरणाखाली दुसरी बोट घ्यावी म्हटलं, तर उन्हाळ्यात पाणी उथळ, बोटीच्या इंजिनाचा पंखा वाळू-खडकाला घासतो. पावसाळ्यात दरवाजे उघडले की पातळी झपाट्याने चढते. तो तुकडा सोडूनच द्या. सकाळ पाण्यावर काढा, अंभोऱ्याला परत या आणि दुपारी गाडीने पवनीला जा.

नागपूरहून अंभोरा कुही-मांढळमार्गे सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा, कोलारी इथे भेटतात. तिथल्या चैतन्येश्वराच्या देवळात दर्शन घ्या आणि मग बोटीकडे वळा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं. समोरचा काठ स्पष्ट दिसेपर्यंत काठावरच थांबा. दुपारी वारा सुटला की उघड्या पाण्यावर लाटा उठतात, म्हणून बारापर्यंत परतलेलं बरं.

खरा धोका पाण्याखाली आहे. धरणात गावं बुडाली, शेतं बुडाली, झाडंही. त्यांचे खुंट अजून तळाशी आहेत आणि पातळी उतरते तसे ते वर येतात. म्हणजे ऑक्टोबरमध्ये जिथून बोट बिनधास्त गेली, तिथेच फेब्रुवारीत पंख्याचं पातं तुटू शकतं. ढिवर मंडळींना, म्हणजे इथल्या मासेमारांना, जुन्या नदीचं पात्र कुठून जायचं ते ठाऊक असतं. नावाडी त्यांच्यातलाच घ्या. थर्माकोल किंवा रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे असं समजा. लांबून वळा. त्यांचं पोट त्या जाळ्यावर आहे.

दुसरा त्रास जलपर्णीचा. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून इथे येतं. त्या खतावर ती माजते. हे आपल्याच शहराचं देणं आहे, आणि ते पाहून मन खट्टू होतं. मुळं पंख्याला गुंडाळतात, इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारी जाळी बुजते आणि इंजिन तापतं. आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या बाजूला बाहेर लावलेल्या, इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार सतत पडायला हवी. धार थांबली की लगेच इंजिन बंद करा, वर उचला, मुळं हाताने काढा. रेस वाढवून पुढे रेटाल तर पंप जातो.

पेट्रोलचा हिशेब सोपा: एक भाग जायला, एक यायला, एक राखीव. २५ अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण वेगात ताशी दहा लिटरच्या आसपास खातं. माणसं बोटीत असताना टाकी भरू नका. दोन वल्ही, नांगर आणि दोर, पाणी उपसायला डबा, शिट्टी, प्लग-पाना बरोबर असू द्या. लाइफ जॅकेट प्रत्येकाने काठावरच घालायचं, पट्टे आवळून. बसायच्या गादीखाली ठेवलेल्या जॅकेटचा उपयोग नाही. माणसं वाढली की बोटीचा काठ पाण्यालगत येतो, तेव्हा जास्तीच्या माणसाला सरळ नाही म्हणा. आणि धरणाच्या भिंतीजवळ जायचा हट्ट नावाड्याकडे धरू नका.

पवनीत किमान तीन तास ठेवा. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी केलेल्या उत्खननात बौद्ध स्तूप उजेडात आला. तट, खंदक, किल्ल्याचा दरवाजा आधी बघा, वैजेश्वर घाटावर ऊन उतरल्यावर जा. घाटाच्या खालच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात. परतीला भिवापूर-उमरेड रस्ता धरा. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य याच पट्ट्यात आहे, अंधार पडल्यावर वेग कमी ठेवा.