बेसबॉल का सोडलात, सर?

जुने विद्यार्थी लग्नकार्यात भेटले की विचारतात, नवे पालक मैदानावर विचारतात: 'सर, मुलांची बेसबॉल टीम चांगली हातात होती. ती सोडून मुलींच्या सॉफ्टबॉलकडे का गेलात?' आवाजात थोडी कीव असते. कुणाला वाटतं मला काढलं, कुणाला वाटतं वय झालं म्हणून सोपं काम घेतलं. आजवर मी 'कॉलेजला गरज होती' एवढंच सांगत आलो. ते खोटं नाही, पण ते कारणही नाही.

आधी त्या 'सोप्या'बद्दल. बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, 60 फूट 6 इंचांवरून टाकतो, मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये 43 फुटांवरून. बेसमधलं अंतर 90 फुटांऐवजी 60. शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरच्या, हातात बॉल एकदा जरी घोळला, तरी बॅटर पहिल्या बेसवर पोचलेली असते. पिचरच्या हातून बॉल सुटेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही, त्यामुळे स्टीलचा, म्हणजे पुढचा बेस चोरण्याचा, सगळा हिशेबच वेगळा. मला वर्षभर नव्यानं शिकावं लागलं. 2004 साली अमेरिकेच्या सॉफ्टबॉल पिचर जेनी फिंचनं अल्बर्ट पुहोल्ससारख्या बेसबॉलच्या नामी बॅटरला स्ट्राइकआउट, म्हणजे बॉल न लागू देता बाद, केलं होतं, हे सोपं म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

आता खरं कारण.

माझ्याकडे एक पिचर होता. नाव लिहीत नाही. वीस वर्षांचा, रोज एसटीनं येऊन-जाऊन करणारा. आंतरविद्यापीठ स्पर्धेला आम्ही पंजाबात गेलो होतो. पहिल्या दिवशी त्यानं पूर्ण 9 इनिंग टाकल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या दुसऱ्या पिचरनं सुरुवातीलाच 3 रन दिले, तेव्हा मी याच्याकडे पाहिलं. तो ग्लोव्ह घालून उभाच होता. 'सर, मी टाकतो.' मी बॉल त्याच्या हातात दिला. पुढे कितीतरी वर्षं मी हेच सांगितलं, की बॉल त्यानंच मागितला. वीस वर्षांचा मुलगा सरांसमोर दुसरं काय म्हणणार होता?

पाचव्या इनिंगपासून त्याचे बॉल उंच जायला लागले. प्रत्येक बॉलनंतर तो हात झटकत होता. मला दिसत होतं. मॅच जिंकलो.

परतीच्या गाडीत इटारसीला चहा आला, तो त्यानं डाव्या हातानं घेतला. उजवा हात मांडीवर, कोपरात अर्धवट वाकलेला, तसाच ठेवलेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी खिडकीबाहेर पाहिलं. 'हात दुखतोय का रे?' एवढं विचारायला नागपूर येईपर्यंत वेळ होता. विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट फाटलं होतं. दुसरीकडचा टेंडन काढून तिथे बसवायची शस्त्रक्रिया 1974 साली टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा झाली, आज ती अनेकांवर होते. याच्या घरच्यांना परवडणारी नव्हती. त्याचा खेळ सुटला. मी घरी स्कोअरबुक उघडून मोजलं: दोन दिवसांत 218 बॉल. अमेरिकेत या वयाच्या पिचरला दिवसाला 120ची मर्यादा सांगतात, त्यानंतर काही दिवस विश्रांती. आपल्याकडे तेव्हा कोणी मोजत नव्हतं, हे खरं आहे. स्कोअरबुक माझ्याच बॅगेत होतं, हेही खरं.

सॉफ्टबॉलमध्ये हात खालून फिरतो, कोपर वाचतं, असं स्वतःला पटवून मी इकडे आलो. चुकीचं पटवलं होतं. विंडमिलमध्ये, म्हणजे हात पूर्ण गोल फिरवून टाकताना, खांद्यावर आणि दंडाच्या स्नायूवर जबर ताण येतो, आणि इथे तर एकच मुलगी अख्खी स्पर्धा टाकते, अशीच रीत पडून गेली आहे. म्हणजे ज्या गोष्टीपासून पळालो, तिच्याच दारात येऊन उभा राहिलो. आता बोटात नामजपाचं काउंटर घालून बसतो. बॉल सुटला की दाबतो.

गेल्या वर्षी सेमीफायनलला एका रनची आघाडी असताना मी आमच्या पिचरला बाहेर काढलं. काउंटर 100च्या पुढे गेलं होतं. आम्ही हरलो. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. तिच्या वडिलांचा फोन आला, 'सर, ती अजून टाकू शकली असती ना?'

मी 'हो' म्हणालो.