‘आयपीएल लेझर’ नावाचे पॅकेज आणि संमतिपत्रातील रिकामी ओळ

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी नाशिकमधील एका स्किन क्लिनिकच्या काउंटरवर पाच हजार रुपये आगाऊ भरले आणि त्यानंतरचे पाच आठवडे एका साध्या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यात घालवले. माझ्या चेहऱ्यावर जो प्रकाश टाकला जाणार आहे तो नेमका कोणत्या यंत्रातून येणार आहे, एवढेच मला हवे होते. ते उत्तर मला तेथे शेवटपर्यंत मिळाले नाही. आज उपचार पूर्ण होऊन काही महिने झाले आहेत, चेहऱ्यात फरकही पडला आहे, तरी त्या पाच आठवड्यांचा राग अजून गेलेला नाही, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

मी सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि गेली बावीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. रोज दुचाकीवरून चौदा किलोमीटर जाणे आणि तेवढेच परत येणे, तेही बरीच वर्षे तोंडाला काहीही न लावता, यामुळे डाव्या गालफडावर तीन-चार स्पष्ट कडांचे तपकिरी डाग उमटले होते, दोन्ही गालांवर धुरकट काळसर छटा पसरली होती, नाकाशेजारची रंध्रे मोठी दिसत होती आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत बारीक सुरकुत्या आल्या होत्या. या सगळ्यावर एकच उपाय म्हणून मला ‘स्किन रिज्युव्हिनेशन’चे पॅकेज सांगण्यात आले: सहा सीटिंग, छत्तीस हजार रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे एकूण बेचाळीस हजार चारशे ऐंशी. माझा चेहरा तोपर्यंत कोणत्याही डॉक्टरांनी पाहिलेला नव्हता. एका पेटीसारख्या यंत्रात डोके ठेवून फोटो काढला गेला आणि काउंटरवरच्या ताईंनी त्यावरून माझ्या त्वचेचे ‘वय’ सांगितले, एवढ्यावर पावती फाडली गेली.

घरी येऊन पावती नीट वाचली तेव्हा तिच्यावर ‘आयपीएल लेझर’ असे छापलेले दिसले. दरवर्षी बारावीच्या वर्गात मी लेझर म्हणजे काय हे शिकवते, त्यामुळे हे दोन शब्द एकत्र पाहून मी थबकले. आयपीएल, म्हणजे इंटेन्स पल्स्ड लाइट, हा लेझर नव्हे. त्यात झेनॉनच्या दिव्याचा जोरदार लखलखाट असतो. साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरपर्यंतचा अनेक तरंगलांबींचा मिश्र प्रकाश त्यातून बाहेर पडतो आणि फिल्टर लावून त्यातील कमी तरंगलांबीचा भाग अडवला जातो. लेझरमधून मात्र एकाच ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश येतो. एनडी-याग लेझरचा १०६४ नॅनोमीटर, त्याचीच वारंवारता दुप्पट केली की ५३२, अर्बियम ग्लासचा १५५० च्या आसपास आणि कार्बन डायऑक्साइड लेझरचा तब्बल १०,६०० नॅनोमीटर. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन, रक्तातील हिमोग्लोबिन आणि पेशींतील पाणी हे तिन्ही घटक वेगवेगळ्या तरंगलांबी वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. कोणत्या घटकाला तापवायचे आणि कोणत्याला वाचवायचे हे त्या आकड्यावर आणि प्रकाशाच्या झोताच्या कालावधीवर ठरते. हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या दोन अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी १९८३ मध्ये मांडले आणि आजची त्वचेची बहुतेक लेझर त्याच आधारावर चालतात. मी विचारत होते तो आकडा म्हणजे उपचाराचा गाभाच होता.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. “मॅडम, दोन्ही एकच असतं. आयपीएल हा लेझरचाच लेटेस्ट प्रकार आहे,” असे मला सांगण्यात आले. तसे नाही हे मी शांतपणे समजावून सांगितले आणि डॉक्टरांना भेटण्याची विनंती केली. डॉक्टर त्या दिवशी दुसऱ्या शाखेत होते. पुढच्या खेपेस ते परिषदेला गेले होते. तिसऱ्या खेपेस मला भेटीऐवजी चार पानी संमतिपत्र देण्यात आले. ते संपूर्ण इंग्रजीत होते. तिसऱ्या पानावर यंत्राचे नाव, तरंगलांबी आणि ऊर्जा यांसाठी एक ओळ होती आणि ती रिकामी होती. त्याच्याच खाली ‘उपचाराचे स्वरूप व सर्व संभाव्य धोके मला समजावून सांगण्यात आले आहेत’ असे वाक्य होते आणि त्याखाली माझ्या सहीची जागा.

मी सही करण्यास नकार दिला. ती ओळ आधी भरून द्या, मग मी सही करीन, असे मी म्हटले. त्यावर उत्तर आले की ती ओळ सीटिंगच्या दिवशी भरली जाते, सही मात्र आधी लागते, आणि सहीशिवाय सीटिंगची तारीख मिळत नाही. म्हणजे ज्या गोष्टीला मी संमती द्यायची ती मला संमती दिल्यानंतरच कळणार होती! मी तेथे चाळीस मिनिटे बसून राहिले. त्या काळात दोन बायका आल्या आणि तेच चार पानी पत्र न वाचता सही करून आत गेल्या. त्यांना थांबवावे असे मला फार वाटले, पण परक्या माणसाला कसे सांगावे हे सुचले नाही, आणि ती गोष्ट मला आजही टोचते.

मग मी दुसरा मार्ग सुचवला. उपचारासाठी वापरल्या जाणाऱ्या लेझर यंत्रावर धोक्याची सूचना देणारी पिवळी पट्टी असते आणि तीवर किंवा शेजारच्या पट्टीवर तरंगलांबी व लेझरचा वर्ग, म्हणजे तो किती धोकादायक आहे हे, लिहिलेले असते. मला आत जाऊन फक्त ती पट्टी वाचू द्या, एक मिनिटही लागणार नाही, असे मी म्हणाले. स्वच्छतेच्या कारणास्तव आत जाता येणार नाही असे सांगण्यात आले. पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून आणा म्हटले, तर तशी परवानगी नाही. (वाचकांपैकी कोणी अशा क्लिनिकमध्ये गेलात तर हे अवश्य विचारून पाहा, ज्यांच्याकडे चांगले यंत्र आहे त्यांना ते दाखवण्यात काही अडचण नसते, हे मला पुढे कळले.)

चौथ्या खेपेस डॉक्टरांशी फोनवर दोन मिनिटे बोलणे झाले. ‘तुमच्या त्वचेला काय चालेल ते आम्ही पाहून घेऊ’ असे ते म्हणाले. माझी त्वचा त्यांनी पाहिलेलीच नाही याची मी आठवण करून दिली आणि आधी टेस्ट पॅच करून मिळेल का, म्हणजे कानाजवळच्या छोट्याशा जागेवर प्रयोग करून काही आठवडे थांबता येईल का, असे विचारले. पॅकेजमध्ये टेस्ट पॅच नसतो, पहिले सीटिंग हाच टेस्ट, असे उत्तर मिळाले. त्या वाक्यानंतर माझा निर्णय झाला. मी तेथेच पैसे परत मागितले. आगाऊ रक्कम परत मिळत नाही, हवे तर फेशियलमध्ये वळती करून घ्या, असे सुचवले गेले. मी घरी येऊन मराठीत एक पानी अर्ज लिहिला: कोणत्या तारखेला काय विचारले, काय उत्तर मिळाले, संमतिपत्रातील कोणती ओळ रिकामी होती, आणि रक्कम परत न मिळाल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. अर्जाच्या प्रतीवर काउंटरचा शिक्का व तारीख मिळेपर्यंत मी जागची हलले नाही. तेविसाव्या दिवशी पूर्ण पाच हजार रुपये खात्यात जमा झाले. या एका पानाचा मला अभिमान वाटतो.

त्यानंतरचा प्रवास सरळ झाला. एका सहकारी प्राध्यापिकेने त्वचारोगशास्त्रात एमडी असलेल्या एका डॉक्टरांचे नाव सुचवले. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे हे मी आधी तपासले. त्यांनी खोलीतील दिवे मालवून वूड्स लॅम्पच्या अतिनील प्रकाशात माझा चेहरा पाहिला, मग भिंगासारख्या डर्मोस्कोपने प्रत्येक डाग पाहिला आणि वीस मिनिटांनी सांगितले की माझ्या चेहऱ्यावर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गालफडावरचे ठळक डाग हे उन्हाने आलेले लेंटिगो होते, आणि गालांवरची धुरकट छटा म्हणजे वांग. माझ्यासाठी सगळ्या निवडीचा निकाल या एका भेदावर लागला.

त्वचेचे उन्हाला मिळणाऱ्या प्रतिसादानुसार सहा प्रकार मानले जातात. हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणातून ही पद्धत आली. आपल्याकडील बहुतेकांची त्वचा चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडते, माझी पाचव्या. अशा त्वचेच्या वरच्याच थरात मेलॅनिन भरपूर असते. आयपीएलच्या मिश्र प्रकाशातील बराच भाग तेथेच शोषला जातो, त्वचा तापते, भाजू शकते, आणि त्या उष्णतेने वांगातील आधीच चिडलेल्या रंगपेशी आणखी रंग तयार करू लागतात. सर्व चेहऱ्यावर सहा वेळा आयपीएल घेतले असते तर वांग अधिक गडद होण्याची भीती होती, असे डॉक्टर म्हणाल्या. हे ऐकताना मला त्या रिकाम्या ओळीचीच आठवण होत होती. आयपीएल वाईट आहे असा याचा अर्थ मुळीच नाही; गोऱ्या त्वचेवरची लाली, फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या, उन्हाचे डाग यांवर ते उत्तम काम करते आणि त्यानंतर घरी बसावे लागत नाही. ते माझ्या चेहऱ्यासाठी नव्हते, इतकेच.

कार्बन डायऑक्साइड लेझरबद्दलही मी विचारले, कारण सुरकुत्यांवर त्याचा परिणाम सर्वांत जास्त असतो असे वाचले होते. ते खरे आहे, पण तो त्वचेचा थर जाळून काढतो, आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ चेहरा सोललेला राहतो आणि सावळ्या त्वचेवर जखम भरून आल्यानंतर काळे डाग उरण्याचा धोका मोठा असतो. त्यापेक्षा १५५० नॅनोमीटरचा फ्रॅक्शनल लेझर मला योग्य ठरेल असे त्यांनी सांगितले. ही तरंगलांबी मेलॅनिनपेक्षा पाण्यात शोषली जाते, त्यामुळे तिला त्वचेच्या रंगाशी फारसे देणेघेणे नसते, आणि झोत सूक्ष्म ठिपक्यांत विभागलेला असल्यामुळे प्रत्येक ठिपक्याभोवती निरोगी त्वचा शिल्लक राहते व ती लवकर भरून निघते.

पण आधी तीन महिने कोणतेही यंत्र नाही. वांगासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि सौम्य स्टेरॉइड असे तिहेरी मलम आठ आठवडे रात्री लावायचे होते, आणि मुदत संपल्यावर ते औषधाच्या दुकानातून परस्पर आणायचे नाही असे त्यांनी दोनदा बजावले. येथेच सांगून ठेवते, गोरेपणाचे म्हणून कोणतेही मलम वापरत असाल तर त्याची ट्यूब डॉक्टरांना दाखवा, कारण अशा कितीतरी मलमांत स्टेरॉइड असते. दिवसा आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन लावायचे होते; साधे सनस्क्रीन अतिनील किरण अडवते, पण वांग दृश्य प्रकाशानेही वाढते आणि तो अडवायला हा रंग लागतो. प्रमाण दोन बोटांच्या लांबीइतके, आणि दुचाकीवर त्याशिवाय पूर्ण ओढणी.

उन्हाळा सरल्यावर, जुलैत, कानासमोर टेस्ट पॅच झाला आणि त्यानंतर चार आठवडे थांबलो. भाजल्याचा डाग लगेच दिसतो, पण काळेपणा दोन-चार आठवड्यांनी उमटू शकतो, म्हणून हा अवधी असतो. या काळात माझाही धीर सुटत आला होता हे मान्य करते. रोज सकाळी आरशासमोर कान मागे ओढून पाहत असे. काळेपणा आला नाही. मग गालफडावरच्या डागांवर ५३२ नॅनोमीटरचा क्यू-स्विच्ड लेझर एकदाच मारला गेला. त्याचा प्रत्येक झोत काही नॅनोसेकंदांचा असतो, त्यामुळे रंगाचा कण फुटतो पण उष्णतेला आजूबाजूला पसरायला वेळ मिळत नाही. रबर बँड ओढून सोडावा तशी टचकन वेदना होते. आठ-दहा दिवसांनी खपल्या पडल्या. त्या ओढून काढू नका. पुढे ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात फ्रॅक्शनल लेझरची तीन सीटिंग महिन्याच्या अंतराने झाली. प्रत्येक वेळी बधिर करणारे मलम पाऊण तास, मग वीस मिनिटांचे काम, मग तीन दिवस लाली आणि सूज.

पहिल्याच दिवशी, मी न विचारता, डॉक्टरांनी यंत्रावरची पिवळी पट्टी मला दाखवली. त्यांच्या स्वतःच्या गॉगलवरही तरंगलांबी छापलेली होती, आणि ती यंत्रावरच्या आकड्याशी जुळत होती. प्रत्येक तरंगलांबीसाठी गॉगल वेगळा लागतो हे मी शिकवत आले होते, प्रत्यक्ष मात्र तेव्हाच पाहिले. माझ्या फाइलमध्ये दर सीटिंगची तारीख, यंत्र, तरंगलांबी, ऊर्जा आणि ठिपक्यांची घनता त्यांच्या अक्षरात लिहिलेली आहे, आणि त्या पानांची झेरॉक्स माझ्याकडे आहे.

एक राहिलेच: पूर्वी ओठांवर पाण्याचे फोड (हर्पीस) आले असतील, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या असतील, किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल, तर हे आपणहून सांगा. आणि आधीचे फोटो एकाच खिडकीजवळ, एकाच वेळी काढून ठेवा, नाहीतर फरक पडला की नाही हे तुम्हालाच कळणार नाही.

माझ्या फोटोंत गालफडावरचे तीन डाग पूर्ण गेले आहेत, चौथ्याची फिकट खूण आहे. रंध्रे लहान दिसतात, डोळ्यांजवळच्या रेषा थोड्या मऊ झाल्या आहेत. वांग निम्म्याहून कमी झाले आहे, पण ते आहे, आणि कोणताही लेझर ते कायमचे घालवत नाही हे मला पहिल्याच भेटीत सांगितले गेले होते. पुढची तपासणी मार्चमध्ये, ऊन वाढण्याच्या आधी आहे.