कोल्हापुरी सोसते, पट्टा सोसत नाही

"चेन घालू का पट्टा?" हा प्रश्न आमच्या दुकानात रोज येतो, आणि त्याचं उत्तर मी घड्याळापेक्षा हात बघून देतो. फार घाम येणाऱ्याला, पावसात मोटारसायकलवर फिरणाऱ्याला चेन. कोल्हापूरच्या पावसाळ्यात चामड्याचा पट्टा आठवडाभर ओला राहिला की वास मारतो आणि बुरशी धरतो. बॅटरीचं काम करणाऱ्याला मात्र चेन मी विकतच नाही. बॅटरीच्या दोन टोकांवर ती आडवी पडली तर लगेच लाल तापते आणि मनगट भाजून काढते. आणि धातू लागून ज्याचं अंग खाजतं, त्याला चामडं. हे शेवटचं तर धंद्यातला पोऱ्याही सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात एक मुकादम आले. बांधकामावरचा माणूस, पन्नाशीच्या पुढचा. रुमालात गुंडाळलेलं एचएमटी जनता त्यांनी काउंटरवर ठेवलं. वडिलांचं घड्याळ. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरात घड्याळं करायला सुरुवात केली, आणि पुढे चावीच्या या जनतानं घराघरात जागा केली. त्यांचं अजून वेळ नीट दाखवत होतं. पट्टा नव्हता.

"मालक, पट्टा नको. पट्ट्यानं हात लई खाजतोय. चार दुकानं झाली. काळा घातला, तपकिरी घातला, भारीतला घातला. आठ दिवसांत परत तेच."

"मग चेन घालायची."

"अहो, तीच भीती वाटतेय. मेडिकलवाला म्हणतो, चामड्यानं एवढं होतंय, तर लोखंडानं हात सडंल."

मी हात दिव्याखाली घेतला. धातूची खाज आम्हाला ओळखू येते. हलक्या चेनमधलं किंवा बक्कलातलं निकेल घामात उतरतं आणि जिथे धातू टेकतो तिथेच चट्टा उठतो, बक्कलाखाली रुपयाएवढा किंवा घड्याळाच्या पाठीखाली गोल. मुकादमांच्या हातावर उलटं होतं. पट्ट्याच्या रुंदीची पट्टी मनगटाभोवती फिरलेली, लालसर काळी, कडेला खपल्या. बक्कल टेकतं तिथे वेगळं काही नाही. घड्याळाच्या पाठीखाली तर कातडी स्वच्छ. म्हणजे धातू सुटला होता आणि चामडं सापडलं होतं.

मग बोटांकडे लक्ष गेलं. पेरं भेगाळलेली, तळव्याची साल निघालेली. "सिमेंटनं," ते म्हणाले. "तरुणपणी स्वतः गवंडीकाम केलं. तेव्हापास्नं हात असेच."

आणि पायात कोल्हापुरी. जुनी, तेल पिऊन काळवंडलेली, अंगठ्याला आणि पंज्यावर दिवसभर घासणारी. मी विचारलं, पाय कधी खाजतात का? म्हणाले, "कधीच नाही. जन्म गेला हिच्यात."

त्यावर मी खुर्ची पुढे केली आणि त्यांना बसवून घेतलं. हातावरचंही चामडं आणि पायातलंही चामडंच. मग एक सोसतं आणि दुसरं का सोसत नाही? फरक कमावण्यात आहे. खरी कोल्हापुरी बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याची असते. बाजारातले बहुतेक पट्टे क्रोमियमच्या क्षारात कमावलेले असतात. ते काम लवकर होतं, चामडं मऊ पडतं आणि रंगही छान धरतं. पण त्या क्षारातला थोडा अंश घामाबरोबर कातडीत उतरतो. आणि सिमेंटमध्येही क्रोमियम असतं, तेही जास्त त्रासदायक जातीचं. डेन्मार्कने तर १९८३ सालीच सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळायला लावून ते कमी करून घेतलं, गवंड्यांचे हात वाचावेत म्हणून. माझा अंदाज असा होता की मुकादमांच्या अंगाला क्रोमियमचा राग सिमेंटनं लावला होता आणि पट्टा त्यावर मीठ चोळत होता.

पण अंदाजावर कुणाच्या हाताचा निकाल लावू नये. त्या दिवशी मी काहीच विकलं नाही. त्वचेच्या डॉक्टरकडे जाऊन पॅच टेस्ट करून घ्या, एवढं सांगून घड्याळ परत रुमालात बांधून दिलं. या तपासणीत पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या छोट्या पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात, आणि मग कुठे लाल होतं ते बघतात.

ते परत आले तेव्हा कागद हातात होता. निकेलला काही नाही. पोटॅशियम डायक्रोमेटला, म्हणजे क्रोमियमला, ठळक लाल.

तरी त्यांची शंका रास्त होती: "स्टीलमध्ये पण क्रोमियम असतंय म्हणं?" असतं. घड्याळाच्या चांगल्या चेनीत, ज्याला ३१६एल म्हणतात त्या स्टीलमध्ये, ते १६ ते १८ टक्के असतं. चामड्यात त्याच्या कितीतरी कमी. पण स्टीलमधलं क्रोमियम पृष्ठभागावर एक पातळ, घट्ट थर धरून बसतं आणि घामाला दाद देत नाही. किती आहे याला महत्त्व नाही, सुटतं किती ते बघायचं. डॉक्टरांनीही स्टील चालेल म्हणून सांगितलं होतं.

चेन निवडायला मात्र वेळ लागला. जनता हलकं आणि पातळ घड्याळ. त्याला आजकालची जाडजूड भरीव चेन लावली की घड्याळ मनगटावर फिरून खाली येतं. पट्टा बसतो त्या जागेची रुंदी १८ मिलिमीटर, म्हणून दुमडलेल्या पत्र्याच्या कड्यांची जुन्या पद्धतीची हलकी स्टीलची चेन काढली. टोकाचे तुकडे घड्याळाच्या गोलाईला बसेनात, ते कानसीनं घासून बसवले. तीन कड्या काढल्या. कडीच्या आतल्या बाजूला बारीक बाण असतो, त्याच दिशेनं पिन ठोकायची आणि बाहेर काढायची. उलटी ठोकली की भोक मोठं होतं आणि चेन पुढे सैल पडत जाते. सिमेंटची धूळ कड्यांमध्ये बसून पिना खाते, म्हणून महिन्यातून एकदा चेन घड्याळापासून सोडवून जुन्या टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात धुवायला सांगितलं. घड्याळाला पाणी लावायचं नाही.

पण वडिलांचं घड्याळ त्यांनी कायम चामड्यावर बघितलेलं. चेनकडे ते बराच वेळ बघत राहिले, बोलले काही नाहीत. तेव्हा मी चप्पल लाइनमधल्या ओळखीच्या कारागिराला फोन लावला. त्यांच्याकडे सालीत कमावलेलं बकऱ्याचं कातडं होतं. रापीनं पातळ करून, दुहेरी दुमडून, मेण लावलेल्या दोऱ्यानं हातशिलाई घालून त्यांनी पट्टा करून दिला. रंग मुद्दाम दिला नाही. मुकादमांनी तो आधी रोज थोडा थोडा वेळ घालून बघितला. हात शांत राहिला. आता साइटवर चेन आणि लग्नकार्याला पट्टा असं चाललंय, आणि पट्टा दर वेळी मीच बदलून देतो. त्याचे पैसे मी घेत नाही.

पावसाळा सुरू व्हायच्या आत ते पुन्हा आले, सोबत हाताखालचे दोन गवंडी. त्यांच्याकडे घड्याळं नव्हती. मुकादम म्हणाले, "यांची पण बोटं बघा जरा." मी बघितली, आणि त्याच डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला.