फिल्मचे तुकडे आणि पाण्याचा बल्ब

टॉकीज म्हटलं की सांगलीतल्या आमच्या पिढीला भडंगाची पुडी, स्टॉलच्या लाकडी खुर्च्या आणि डोअरकीपरची बॅटरी आठवते. मला त्याहून मोलाचे वाटतात ते ऑपरेटरच्या, म्हणजे सिनेमाचं मशीन चालवणाऱ्याच्या, केबिनमधून बाहेर पडणारे फिल्मचे तुकडे. प्रकाशाचा धडा वर्गात शिकलो. तो हाताशी आला या तुकड्यांमुळे.

रीळ तुटलं की पडदा पांढरा पडायचा आणि शिट्ट्या सुरू व्हायच्या. वर ऑपरेटर फाटक्या फ्रेम, म्हणजे फिल्मवरची एकेक चित्रं, कापून टाकायचा, एका टोकाचा इमल्शनचा, म्हणजे चित्राचा, थर खरवडायचा, तिथे फिल्म सिमेंट हा फिल्म जोडायचा द्रव लावून दुसरं टोक कडेच्या भोकाला भोक जुळवून दाबून धरायचा. भोकं जुळली नाहीत किंवा थर अर्धवट खरवडला, की जोड पुन्हा सुटणारच. प्रत्येक जोडात एखाद-दोन फ्रेम जायच्या, म्हणून गावोगाव फिरून आलेल्या प्रिंटमध्ये संवाद मध्येच तुटायचे. त्या माणसाच्या वाट्याला शिव्याच आल्या, याचं मला आजही वाईट वाटतं.

कापलेले तुकडे टॉकीजमागे पडायचे आणि दुसऱ्या दिवशी दप्तरातून शाळेत यायचे. मग घरचा सिनेमा, त्यात भिंग म्हणजे पाण्याने भरलेला बल्ब. उडालेला, पारदर्शक काचेचा बल्ब कापडात गुंडाळायचा, बुडाचा काळा भाग पक्कडीने फोडायचा, आतली काचेची दांडी काढायची आणि पाणी काठोकाठ भरायचं. बुडबुडा राहिला तर चित्रात डाग दिसतो.

क्रम महत्त्वाचा: उन्हात आरसा, मग फिल्म, मग बल्ब, शेवटी अंधाऱ्या खोलीत पडदा म्हणून पांढरं धोतर. फिल्म बल्बच्या पलीकडे धरली तर ऊन एका बिंदूत गोळा होतं आणि ती आक्रसते. चित्र उलटं पडतं, म्हणून फिल्म उलटी धरायची. ६ सेंटीमीटर व्यासाच्या बल्बला ती काचेपासून ३ सेंटीमीटरच्या किंचित पुढे लागते. दोन-तीन मिलिमीटर हलली तरी चित्र पुसट होतं. पडदा दीड मीटरवर असेल तर चित्र अर्धा मीटर रुंद येतं. मधला भाग लख्ख, कडा मात्र फिसकटलेल्या. आरसा हातात धरू नये, विटेला टेकवावा. तो जितका कलतो त्याच्या दुप्पट झोत वळतो. सूर्य सरकत असल्याने चार-पाच मिनिटांनी आरसा पुन्हा लावावाच लागतो.

सिनेमास्कोपच्या, म्हणजे रुंद पडद्याच्या सिनेमाच्या, तुकड्यात माणसं काटकुळी दिसायची, कारण चित्र आडवं निम्म्याने दाबून छापलेलं असतं. टॉकीजमधलं खास भिंग ते पुन्हा पसरवायचं. फ्रेमच्या कडेची नागमोडी पांढरी रेघ म्हणजे आवाज.

सगळ्यांचा हिरमोड व्हायचा तो तुकडा ओढल्यावर. चित्र चालायचं नाही, नुसते फराटे उठायचे. टॉकीजच्या मशीनमध्ये सेकंदाला २४ फ्रेम जायच्या, पण प्रत्येक फ्रेम भिंगासमोर क्षणभर थांबायची आणि पुढची येईपर्यंत शटर, म्हणजे फिरती झडप, उजेड अडवायचं. हे थांबणं आमच्या बल्बात नव्हतं.

आताच्या मुलांनी विज्ञान प्रदर्शनात हे जरूर करावं. फिल्म मिळाली नाही तर पारदर्शक प्लास्टिकवर २२ बाय १६ मिलिमीटरच्या चौकटीत बारीक काळ्या मार्करने चित्र काढावं. बल्ब मोठ्या माणसाकडूनच फोडून घ्यावा. दुधी काचेचा किंवा एलईडी चालत नाही.