लंडनमध्ये खोली बघताना बसचा नकाशाही उघडा

लंडनमधल्या खोल्यांच्या जाहिरातीत भाड्यापुढे कुठे 'पीडब्ल्यू' लिहिलेलं असतं, कुठे 'पीसीएम'. पहिलं भाडं आठवड्याचं, दुसरं महिन्याचं. भारतातून खोली शोधणारे बरेच जण आठवड्याच्या आकड्याला चाराने गुणतात आणि तिथेच फसतात. वर्षात आठवडे 52 असतात, म्हणून 52 ने गुणायचं आणि 12 ने भागायचं. आठवड्याला 250 पौंड म्हणजे महिन्याला 1,083 पौंड. 1,000 धरून चाललात तर वर्षाअखेर हजार पौंड कमी पडतात.

त्याच कागदावर प्रवासखर्च मांडा. खोली आणि प्रवास हे दोन वेगळे खर्च समजू नका. ट्यूबचं, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेचं, भाडं झोनवर ठरतं: मध्यभाग म्हणजे झोन 1, आणि बाहेर जावं तसा झोन वाढत जातो. 2025 च्या दरांनुसार झोन 1-2 मध्ये आठवड्याला जास्तीत जास्त 44.70 पौंड कापले जातात, झोन 1-4 साठी 64.20. फरक साडेएकोणीस पौंडांचा, महिन्याला सुमारे 85. झोन 4 मधली खोली महिन्याला 60 पौंडांनीच स्वस्त असेल तर ती स्वस्त नाहीच. वर रोजचा तासभर जातो तो वेगळा.

आता बस. लाल बसला झोन नसतात. 2025 च्या दरांनुसार कुठूनही कुठेही 1.75 पौंड, आणि पहिल्या टॅपपासून, म्हणजे रीडरला कार्ड टेकवल्यापासून, तासाभरात दुसरी, तिसरी बस पकडली तर तिचे पैसे लागत नाहीत. अट एवढीच की शेवटच्या बसमध्ये चढताना तास संपलेला नसावा. उतरायला उशीर झाला तरी चालतं. त्याच दरांनुसार बसची आठवड्याची कमाल रक्कम 24.70 पौंड. म्हणून कॉलेजपर्यंत थेट बस असलेली झोन 3 ची खोली, ट्यूब स्टेशनला खेटून असलेल्या खोलीपेक्षा खिशाला हलकी पडते. वेळ जास्त लागतो, हे खरं. सकाळी नऊचं लेक्चर असेल तर त्याच वेळेला त्या मार्गावर एकदा जाऊन बघा आणि मगच होकार कळवा.

बसमध्ये 2014 पासून रोख पैसे घेत नाहीत. ऑयस्टर कार्ड (लंडनच्या प्रवासासाठी पैसे भरून वापरायचं कार्ड) किंवा कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड लागतं. चढताना टॅप करायचं, उतरताना नाही. ट्यूबमध्ये मात्र दोन्हीकडे, आणि खरा घोटाळा इथेच होतो. मध्यवर्ती स्टेशनांवर गेट असतं, त्यामुळे विसरणं शक्यच नसतं. पण काही बाहेरच्या स्टेशनांवर आणि डीएलआर या पूर्व लंडनमधल्या हलक्या रेल्वेच्या बहुतेक ठिकाणी गेट नसतं. जिन्याजवळ खांबावर नुसता पिवळा गोल रीडर असतो. गर्दीबरोबर चालत बाहेर पडलात की प्रवास अर्धवट नोंदला जातो आणि त्या मार्गाचं कमाल भाडं कापलं जातं. काही ठिकाणी गाडी बदलताना गुलाबी रीडर दिसतो. झोन 1 टाळून आलात हे त्यावर टॅप केल्याने नोंदलं जातं आणि भाडं कमी लागतं, म्हणून तो सोडू नका.

दुसरी नेहमीची चूक फोनची. आत जाताना फोन टॅप केला आणि बाहेर पडताना त्याच फोनला जोडलेलं बँक कार्ड वापरलं, तर यंत्रणेच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी. दोन्ही प्रवास अर्धवट, पैसे दोनदा. आठवड्याची मर्यादाही सोमवार ते रविवार एकाच कार्डावर मोजली जाते, त्यामुळे कार्ड बदलत राहिलात की ती गाठलीच जात नाही. आणि एका कार्डावर दोघांनी ट्यूबने जायचं नाही. आई-बाबा भेटीला आले तर दोघांना दोन ऑयस्टर घ्या. भारतीय बँकेच्या कार्डावर परकीय चलनाचं शुल्क वरून लागू शकतं.

आई-बाबा साठीपुढचे असतील आणि दोन-तीन महिने राहणार असतील, तर सीनियर रेलकार्डचा, म्हणजे ज्येष्ठांना भाड्यात सवलत देणाऱ्या कार्डाचा, विचार जरूर करा. ते पासपोर्ट दाखवून परदेशी पाहुण्यांनाही मिळतं. ट्यूब स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून ते ऑयस्टरला जोडून घेतलं की गर्दीच्या वेळा सोडून भाडं एक तृतीयांश कमी होतं. बँक कार्डाला ते जोडता येत नाही. 16 ते 25 वयाच्यांसाठीच्या '16-25 रेलकार्डा'लाही हाच नियम लागू आहे, तरी कितीतरी विद्यार्थी ते घेतात आणि जोडायचं राहून जातं. गर्दीच्या वेळा म्हणजे सोमवार ते शुक्रवार सकाळी 6:30 ते 9:30 आणि दुपारी 4 ते 7.

आणि प्रत्येक ठिकाणी ट्यूब लागत नाही. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे अंतर जेमतेम पाव किलोमीटर आहे, तरी भाडं पूर्ण. वर कॉव्हेंट गार्डनला लिफ्टची रांग टाळायला गेलात तर 193 पायऱ्या चढाव्या लागतात. चालत पाच मिनिटं.

पुन्हा खोलीकडे. 2019 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये एजंटला भाडेकरूकडून कागदपत्रं तपासायचे पैसे घेता येत नाहीत. खोली राखून ठेवायला जास्तीत जास्त एका आठवड्याचं भाडं, आणि वार्षिक भाडं 50,000 पौंडांच्या आत असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांचं. ते घरमालकाने 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवून तुम्हाला कळवायला हवं. मात्र हॅरो, वेम्बली, ईस्ट हॅम भागात आपली बरीच मुलं मालकाच्याच घरातल्या एका खोलीत राहतात. तिथे तुम्ही कायद्याने 'लॉजर', आणि ही डिपॉझिटची सुरक्षा लॉजरला नाही. घर चांगलं असेल तर जरूर राहा, पण डिपॉझिट कधी आणि किती परत मिळणार ते लेखी घ्या, पैसे बँकेतूनच द्या. खोली स्वतः किंवा ओळखीच्या माणसाने बघितल्याशिवाय भारतातून पैसे पाठवू नका.

खोली बघायला जाल तेव्हा कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढून मागे बघा. खिडकीच्या चौकटीचे खालचे कोपरे आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेली छताची कड बघा. काळे ठिपके म्हणजे बुरशी. नुकताच रंग दिलेला एकच कोपरा दिसला तर त्याबद्दल विचारा. थंडीत खिडक्या बंद, कपडे आत वाळत घातलेले आणि वर कुकरची वाफ. ओल थंड भिंतीवर बसते आणि आठवडाभरात ठिपके परत येतात. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट वाफ खरंच बाहेर टाकतो की नुसता गाळून खोलीतच सोडतो, तेही बघा. दुसऱ्या प्रकारचा असेल तर फोडणी देताना खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर मोहरी तडतडायच्या आत स्मोक अलार्म वाजतो. राहायला गेल्या दिवशीच प्रत्येक भिंतीचे, गादीचे आणि मीटरच्या आकड्याचे फोटो काढून घरमालकाला ईमेलने पाठवा.